मंडळी आणि विद्या : गोशेन महाविद्यालयाविषयी एक संवाद

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट नदीच्या काठी वसलेल्या गोशेन या गावातील गोशेन महाविद्यालय हे मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लिबरल आर्ट्स महाविद्यालय आहे. लिबरल आर्ट्स महाविद्यालय म्हणजे विद्यार्थ्याला एखाद्या व्यवसायापुरते तयार करण्याऐवजी साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, निसर्गविज्ञाने आणि संगीत यांच्या एकत्रित अभ्यासातून त्याची विचारशक्ती घडवू पाहणारी, बहुधा निवासी आणि मुख्यतः पदवीपर्यंतचेच शिक्षण देणारी संस्था. अमेरिकेत अशा अनेक संस्था निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी स्थापन केल्या आणि त्यांपैकी पुष्कळांचा पंथाशी असलेला संबंध पुढे नावापुरता उरला. गोशेनचे तसे झाले नाही. म्हणूनच हजाराच्या आतबाहेर विद्यार्थी असलेल्या या लहान महाविद्यालयाच्या इतिहासात एक मोठा प्रश्न उघड्यावर येतो. ज्या समूहाला आपली श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची आहे, त्या समूहाने चालविलेल्या संस्थेत विद्या खरोखर स्वतंत्र राहू शकते काय, हा तो प्रश्न होय.

त्याची दोन उत्तरे येथे दोन पक्षांच्या तोंडून मांडली आहेत. मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. महाविद्यालय हे अशा मंडळीचेच एक अंग होय असे मानणारा तो मंडळीपक्ष, आणि महाविद्यालयाची पहिली निष्ठा सत्यशोधनाशी असते व ती कोणाकडेही गहाण ठेवता येत नाही असे मानणारा तो विद्यापक्ष. दोघेही या संस्थेचे हितचिंतक आहेत.

विद्यापक्ष : मेनोनाइटांनी महाविद्यालय काढावे, हीच मुळात नवलाची गोष्ट आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिच येथे ज्या मूठभर माणसांनी बालबाप्तिस्मा नाकारून जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला, त्या ॲनाबॅप्टिस्टांचे, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे, हे वारस. १५३६ मध्ये कॅथलिक धर्मगुरूचे पद सोडून त्यांना येऊन मिळालेल्या मेनो सिमन्स या पुढाऱ्यावरून त्यांना मेनोनाइट हे नाव मिळाले. शपथ घ्यायची नाही आणि शस्त्र धरायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यांना बुडविण्याच्या आणि जाळण्याच्या शिक्षा ज्या सत्तांनी दिल्या, त्यांच्या पाठीशी विद्यापीठांत शिकलेले धर्मपंडित उभे होते, ही आठवण या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. पुढे अमेरिकेत येऊन पेनसिल्व्हेनियात, नंतर ओहायो आणि इंडियानात शेती करणाऱ्या या लोकांचे उपदेशक मंडळीतल्या शेतकऱ्यांतूनच, पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून, निवडले जात. माणूस जितका शिकतो तितका तो वाकड्या वाटेने जातो, अशा अर्थाची एक जर्मन म्हणही त्यांच्यात प्रचलित होती. विद्येविषयीचा हा संशय महाविद्यालयाच्या पायातच गाडलेला आहे.

मंडळीपक्ष : संशय होता, हे मान्य करावेच लागेल, परंतु त्याचे कारण आपण सांगता तेवढे सरळ नाही. झुरिचच्या त्या पहिल्या गटातील कॉनराड ग्रेबेल हा व्हिएन्ना आणि पॅरिस येथे शिकलेला होता. तो १५२६ मध्ये वारला, त्याचा सहकारी फेलिक्स मान्झ याला पुढच्याच वर्षी नदीत बुडवून मारण्यात आले, आणि असे शिकलेले पुढारी थोड्याच काळात नाहीसे झाल्यावर मागे उरलेला समाज छळापासून जीव वाचवीत दूरच्या शेतवाड्यांत विखुरला. त्याने विद्या टाकून दिली यापेक्षा त्याची आणि विद्येची ताटातूट झाली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर तो पुन्हा विद्येकडे वळला तो स्वतःच्या गरजेने, आणि त्या गरजेत हिंदुस्थानचाही वाटा आहे.

या शेवटच्या विधानाला आधार आहे. १८९४ मध्ये डॉ. हेन्री मुमॉ या होमिओपॅथी वैद्याच्या पुढाकाराने एल्कहार्ट शहरात ‘एल्कहार्ट इन्स्टिट्यूट’ नावाची छोटी शाळा सुरू झाली, आणि तिला तीन वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ च्या दुष्काळाच्या बातम्या तेथे पोहोचल्या. मेनोनाइटांनी मदतीसाठी एक आयोग नेमला आणि एल्कहार्टचे जॉर्ज लँबर्ट मदत घेऊन हिंदुस्थानात आले. दुष्काळाबरोबरच मुंबईच्या प्लेगचेही वर्णन करणारे त्यांचे पुस्तक १८९८ मध्ये एल्कहार्टहूनच प्रसिद्ध झाले. १८९९ मध्ये नागपूरहून कारभार चालणाऱ्या तत्कालीन मध्य प्रांतातील धमतरी येथे या मंडळीने आपले पहिले परदेशी मिशन उभारले. तेथे पाठवावयाची माणसे डॉक्टर आणि शिक्षक असणे आवश्यक होते, आणि शेतावरच्या उपदेशकांतून ती मिळणे शक्य नव्हते. १९०३ मध्ये शाळा गोशेनला हलली, तिचे महाविद्यालय झाले, आणि अध्यक्ष नोआ बायर्स यांनी तिला जे ब्रीद दिले त्याचा आशय ‘सेवेसाठी संस्कृती’ असा आहे. महाराष्ट्रात विल्सन किंवा हिस्लॉप या नावांनी परिचित असलेली मिशनरी महाविद्यालये प्रामुख्याने परधर्मीय विद्यार्थ्यांसाठी उघडली गेली, तर गोशेन मंडळीने स्वतःच्या मुलांसाठी उघडले, हा फरक पुढील सर्व वाद समजून घेण्यासाठी ध्यानात ठेवला पाहिजे. स्वतःच्या मुलांना काय शिकविले जाते, याविषयी माणसे अधिक हळवी असतात.

विद्यापक्ष : त्या हळवेपणाची किंमत १९२३ मध्ये मोजावी लागली. बायर्स आणि त्यांचे सहकारी शिकागोसारख्या विद्यापीठांतून शिकून आले होते. त्यांच्यापैकी इतिहासकार सी. हेन्री स्मिथ यांनी मेनोनाइटांच्या इतिहासावर आधुनिक पद्धतीने लिहिण्यास आरंभ केला होता. मंडळीच्या बिशपांना मात्र त्यांच्या शिकविण्यात ‘आधुनिकतावाद’ दिसू लागला, म्हणजे बायबलचा अर्थ इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या प्रकाशात लावण्याची ती प्रवृत्ती, जिच्याविरुद्ध त्या काळात अमेरिकेतील बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत मोहीम चालू होती. जोडीला वेशाचा वाद होता : स्त्रियांनी साधे बॉनेटच घालावे की हॅट चालेल, पुरुषांचा कोट बिनकॉलरचाच असावा की नाही. १९१३ मध्ये बायर्स आणि स्मिथ दोघेही ओहायोतील ब्लफ्टन येथे, मेनोनाइटांच्या अधिक मोकळ्या शाखेच्या महाविद्यालयात, निघून गेले. पुढची दहा वर्षे अध्यक्ष येत राहिले आणि जात राहिले, आणि अखेर १९२३-२४ हे संपूर्ण शैक्षणिक वर्ष महाविद्यालय बंद ठेवण्यात आले. आपल्या अध्यापकांवर विश्वास नाही म्हणून जी मंडळी वर्गांना कुलूप लावते, तिने विद्येच्या गोष्टी बोलू नयेत.

मंडळीपक्ष : कर्जाचा उल्लेख आपण टाळला. अध्यक्ष जॉन हार्ट्झलर यांच्या काळात महाविद्यालय कर्जात बुडाले होते, आणि ते कर्ज फेडायचे कोणी, तर ज्यांचा या संस्थेवरचा विश्वास उडाला होता त्याच शेतकरी कुटुंबांनी. संस्था ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या मुलांवर चालते, त्यांना तिच्याविषयी बोलण्याचा अधिकारच नाही असे म्हटले, तर विद्यापक्षाचे स्वातंत्र्य हे दुसऱ्याच्या खर्चाने उपभोगलेले स्वातंत्र्य ठरते. शिवाय १९२४ मध्ये सॅनफर्ड योडर यांच्या अध्यक्षतेखाली महाविद्यालय पुन्हा उघडले, ही गोष्टही विसरता कामा नये. त्यासाठी पैसा आणि मुले याच मंडळीने पुरविली.

विद्यापक्ष : उघडले, पण कोणाला गमावून? बंदच्या त्या वर्षात गोशेनचे कित्येक अध्यापक आणि विद्यार्थी ब्लफ्टनला गेले आणि कित्येक सुशिक्षित कुटुंबांनी ही मंडळीच सोडून दुसऱ्या शाखेचा आश्रय घेतला. ज्यांना दोन्ही हवे होते, श्रद्धाही आणि शोधही, नेमकी तीच माणसे बाहेर ढकलली गेली. कर्ज फेडण्यासाठी अध्यापक बदलावे लागत नाहीत.

या मुद्द्यावर विद्यापक्षाचे म्हणणे अधिक बळकट आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्ज खरे होते, पण अनेक महाविद्यालये कर्जात असूनही चालू राहिली. गोशेनची दारे लागली ती मुख्यतः अविश्वासामुळे. १९२२-२३ या वर्षी अध्यक्षपद डॅनियल कॉफमन यांच्याकडे होते, आणि ते मंडळीच्या मुखपत्राचे संपादक तसेच तिच्या सिद्धान्तांचे अधिकृत मानले जाणारे मांडणीकार होते. मंडळीच्या सर्वांत विश्वासू माणसालाही जेथे समेट घडविता आला नाही, तेथे दोष एखाद्या व्यक्तीकडे जात नाही. वाद ऐकून घेण्याची रीतच त्या काळच्या व्यवस्थेत नव्हती. तरीही पुढे जे घडले त्यामुळे मंडळीपक्षाला बोलण्यास भक्कम जागा मिळते, आणि गोशेनच्या इतिहासातील सर्वांत समृद्ध भाग हाच आहे.

मंडळीपक्ष : १९२४ मध्ये नव्याने उघडलेल्या महाविद्यालयात हॅरल्ड बेंडर नावाचे तरुण अध्यापक रुजू झाले. बायबलच्या अर्थावरून रान पेटलेले असताना त्यांनी इतिहासाचे क्षेत्र निवडले. त्यांनी मेनोनाइट इतिहास मंडळ स्थापन केले, १९२७ मध्ये ‘मेनोनाइट क्वार्टर्ली रिव्ह्यू’ हे संशोधनाचे त्रैमासिक सुरू केले, आणि ग्रेबेलवर प्रबंध लिहून हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९४३ च्या डिसेंबरात अमेरिकन चर्च इतिहास परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी ‘ॲनाबॅप्टिस्ट दृष्टी’ या विषयावर भाषण केले. ख्रिस्ताचे शिष्यत्व हा धर्माचा गाभा, स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची बंधुता हे मंडळीचे स्वरूप, आणि प्रेम व अप्रतिकार, म्हणजे बळाला बळाने उत्तर न देणे, हा जीवनाचा नियम, अशी तीन सूत्रे त्यांनी मांडली. ज्या समाजाला शतकानुशतके धर्मवेडे आणि बंडखोर म्हणून हिणविले गेले, त्याला या भाषणाने स्वतःचा चेहरा दाखविला. हे भाषण झाले तेव्हा अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती चालू होती, आणि भरतीसाठी बोलावलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी निम्म्याहून अधिक जण, काही लढाऊ तर काही बिनलढाऊ कामासाठी, सैन्यात जात होते. उरलेले सदसद्विवेकाच्या आधारे नकार देऊन वनखात्याच्या छावण्यांत आणि मनोरुग्णालयांत पर्यायी नागरी सेवा करीत होते. मंडळीची स्मृती विरघळत असताना ती सावरून धरण्याचे काम या महाविद्यालयाने केले. कोणत्याही तटस्थ विद्यापीठाला या कामाची निकड भासली नसती.

विद्यापक्ष : निकड भासली, यातच धोकाही होता. बेंडर यांना समाजाला आधार द्यायचा होता, म्हणून त्यांनी झुरिचचा शांततावादी प्रवाह हाच खरा ॲनाबॅप्टिस्ट प्रवाह ठरविला आणि बाकीचे प्रवाह कडेला सारले. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन तलवारीच्या बळावर देवाचे राज्य उभारू पाहणारे लोकही ॲनाबॅप्टिस्टच होते. इतिहास जेव्हा समाजाला धीर देण्यासाठी लिहिला जातो, तेव्हा तो निवडक होतो. आणि निवडक इतिहास कितीही उदात्त असला तरी अपुराच असतो.

मंडळीपक्ष : ती दुरुस्ती झाली, आणि ती कोठे झाली हे आपणास ठाऊक आहे. जेम्स स्टेयर, वर्नर पॅकल आणि क्लाउस डेपरमन या तीन इतिहासकारांनी ॲनाबॅप्टिस्ट चळवळीचा उगम एक नसून अनेक होते, असे दाखविणारा लेख १९७५ मध्ये लिहिला. बेंडर यांच्या मांडणीचा पायाच त्याने हलविला. तो लेख छापला बेंडर यांनीच स्थापन केलेल्या, गोशेनहूनच निघणाऱ्या त्रैमासिकाने.

विद्यापक्ष : हे मान्य केलेच पाहिजे. संस्थापकाचे म्हणणे खोडून काढणारा लेख जे नियतकालिक छापते, ते कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न त्या क्षणापुरता गौण ठरतो. परंतु १९२३ पासून १९७५ पर्यंत पन्नास वर्षे जावी लागली, आणि त्या पन्नास वर्षांत ज्यांनी विचार करण्याचे धाडस केले त्यांना त्रास झालाच. लॉरेन्स बर्कहोल्डर यांचे उदाहरण घ्यावे. युद्धानंतरच्या चीनमध्ये मदतकार्य करीत असताना त्यांच्या ध्यानात आले की, अन्न आणि वाहने थोडी व माणसे असंख्य असतात तेव्हा निव्वळ अप्रतिकाराचे तत्त्व पुरत नाही. कोणाला वाचवायचे हे ठरविणाराही सत्ताच वापरीत असतो. सामाजिक जबाबदारीविषयीचा हा विचार त्यांनी १९५८ च्या प्रबंधात मांडला. तो मंडळीच्या धुरीणांना रुचला नाही आणि १९८९ पर्यंत ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला नाही. बर्कहोल्डर गोशेन सोडून हार्वर्डला गेले.

मंडळीपक्ष : आणि १९७१ मध्ये अध्यक्ष म्हणून परत आले. जो विचार मंडळीला बोचला होता, तो मांडणाऱ्याच्या हाती तिने आपले महाविद्यालय तेरा वर्षे दिले. त्यांच्याच काळात, १९८० मध्ये, गोशेनने चीनशी विद्यार्थ्यांची देवघेव सुरू केली, आणि अमेरिकेतील पदवी महाविद्यालयांमध्ये असे करणाऱ्या अगदी पहिल्या संस्थांत तिची गणना होते.

बर्कहोल्डर यांचे जाणे आणि परत येणे यांतून महाविद्यालयाच्या स्वभावात झालेला बदल दिसतो : १९१३ मध्ये मतभेद असलेला अध्यापक कायमचा गेला, १९७१ मध्ये तो सन्मानाने परतला. याच काळात गोशेनच्या शिक्षणाला त्याचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण अंग मिळाले. १९६८ पासून बहुतेक विद्यार्थ्यांनी एक सत्र परदेशी, शक्यतो गरीब देशात, काढावे, असा नियम करण्यात आला. आरंभी कोस्टारिका, जमैका आणि ग्वादेलूप येथे विद्यार्थी पाठविण्यात आले. सत्राचा पहिला अर्धा भाग तेथील भाषा, इतिहास आणि समाज यांच्या अभ्यासात, तर दुसरा शाळा, दवाखाने किंवा खेड्यांतील कामांत जातो, आणि संपूर्ण काळ विद्यार्थी स्थानिक कुटुंबात राहतो. श्रीमंत महाविद्यालयांचे विद्यार्थी ज्या काळात परदेशी सत्रासाठी मुख्यत्वे लंडन आणि पॅरिसकडे पाहत होते, त्या काळात एका लहान, बेताच्या ऐपतीच्या महाविद्यालयाने असा नियम करावा, ही असामान्य गोष्ट होती. धमतरीचा अनुभव आणि युद्धकाळातील पर्यायी सेवा ज्या समाजाच्या गाठीशी होती, त्यालाच ती सुचू शकली. मंडळीपक्षाच्या बाजूने यापेक्षा सबळ पुरावा दुसरा नाही.

विद्यापक्ष : मग राष्ट्रगीताच्या प्रकरणाचा निवाडा आपण कसा कराल? खेळांच्या सामन्यांपूर्वी राष्ट्रगीत वाजविण्याची प्रथा अमेरिकेत सर्वत्र आहे. गोशेनमध्ये ती नव्हती. बाहेरून टीका झाल्यावर अध्यक्ष जेम्स ब्रेनमन यांनी सर्वांगीण विचार करून २०१० च्या मार्चमध्ये त्याची केवळ धून वाजविण्याची मुभा दिली, आणि तिच्या जोडीला शांतीची प्रार्थना ठेवली. पाहुण्यांचे मन राखणारा असा हा तोडगा होता. मंडळीतून आणि माजी विद्यार्थ्यांतून विरोध उठला, आणि २०११ मध्ये संचालक मंडळाने तो मागे घ्यावयास लावून दुसरे देशगीत निवडले.

मंडळीपक्ष : मराठी वाचकाला हा आग्रह चमत्कारिक वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सांगणे आवश्यक आहे. ते गीत एका लढाईचे आहे, त्यात तोफगोळ्यांचा गौरव आहे. ज्यांच्या पूर्वजांनी सरकारची शपथ आणि सरकारचे शस्त्र या दोहोंना नकार देऊन मरण पत्करले, त्यांच्या महाविद्यालयाने हे गीत वाजविले नाही, तर त्यात देशाचा द्वेष नसून ख्रिस्तावरील निष्ठेचा क्रम तेवढा आहे. दूरचित्रवाणीवरून देशभर निंदा होत असताना ही निष्ठा सांभाळणे ही सोपी गोष्ट नव्हती.

येथे दोन्ही पक्षांना काही प्रमाणात दुरुस्त करावे लागते. संचालक मंडळाचा निर्णय मंडळीच्या परंपरेशी सुसंगत होता, आणि अल्पसंख्य समूहाच्या महाविद्यालयाने बहुसंख्यांच्या रिवाजाला नम्रपणे नकार देणे हेही विद्येच्या स्वातंत्र्याचेच एक रूप आहे, हे विद्यापक्षाने ध्यानात घेतले पाहिजे. परंतु मंडळीचा आवाज नेहमी एकच नसतो, हेही तितकेच खरे. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर मेनोनाइटांत तीव्र मतभेद असताना गोशेनने समलिंगी विवाह केलेल्या व्यक्तींनाही नोकरीत समान स्थान देण्याचे ठरविले, आणि त्यापायी व्हर्जिनियातील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठासह अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालयांच्या परिषदेचे सदस्यत्व सोडले. मंडळी स्वतःच दुभंगलेली असताना तिच्या महाविद्यालयाने कोणाचे ऐकायचे, या प्रश्नाला मंडळीपक्षाजवळ तयार उत्तर नाही.

विद्यापक्ष : आता तर प्रश्न आणखी मूलगामी झाला आहे. गोशेनच्या आसपास चाकांवरची घरे, म्हणजे आरव्ही वाहने, बनविणारे कारखाने आहेत. त्यांत काम करण्यासाठी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली हजारो कुटुंबे या भागात स्थायिक झाली. २००६ मध्ये लिली एंडाउमेंट या न्यासाच्या मोठ्या देणगीतून महाविद्यालयाने त्यांच्या मुलांसाठी खास केंद्र उघडले, आणि आज मेनोनाइट विद्यार्थी महाविद्यालयात अल्पसंख्य आहेत. ज्या मंडळीची मुलेच कमी झाली, तिचे महाविद्यालय म्हणून ते कसे ओळखावे?

मंडळीपक्ष : ज्या मंडळीने १९६८ मध्ये आपली मुले परक्यांच्या घरी राहण्यास पाठविली, तिच्या घरी आता परक्यांची मुले आली आहेत. त्यांना येथे परके वाटू नये, हीच तिची यापुढची परीक्षा.

ही परीक्षा सोपी नाही. इंडियानातच रेन्सेलेअर येथील सेंट जोसेफ्स हे कॅथलिक महाविद्यालय २०१७ मध्ये पैशाअभावी बंद पडले आणि २०२३ मध्ये आयोवातील आयोवा वेस्लियन विद्यापीठही मिटले. लहान पंथीय महाविद्यालयांचा काळ अमेरिकेत अवघड आहे. गोशेन टिकले तर ते केवळ मंडळीच्या निष्ठेने टिकणार नाही आणि केवळ अभ्यासक्रमाच्या मोकळेपणानेही नाही. १९२३ मध्ये या दोहोंना एकत्र नांदू दिले नाही, तेव्हा संस्था बंद पडली. १९७५ मध्ये नांदू दिले, तेव्हा तिचा लौकिक वाढला. विद्यापक्षाचा आक्षेप ऐकून घेण्याची सोय मंडळीने ठेवली, तरच मंडळीपक्षाचा दावा न्याय्य ठरतो, असा या इतिहासाचा निर्वाळा आहे.

गोशेनच्या शताब्दीला, १९९४ मध्ये, सुझन फिशर मिलर यांनी महाविद्यालयाचा इतिहास त्या बंद वर्षासकट लिहिला. मुंबईचे विल्सन, नागपूरचे हिस्लॉप आणि नगरचे अहमदनगर कॉलेज यांच्याही इतिहासात असे प्रसंग आहेत : १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यावर जॉन विल्सन यांची शाळा जवळजवळ रिकामी झाली होती. स्मरणिकांतून अशा प्रसंगांवर सहसा दोन-चार ओळींपेक्षा अधिक लिहिले जात नाही. मिशनची इतिवृत्ते, अध्यापकांची पत्रे आणि त्या काळची मराठी वृत्तपत्रे समोर ठेवून हे वाद सविस्तर लिहिण्याचे काम मराठी अभ्यासकांनी हाती घ्यावे.